न वापरलेलं उत्तर

जानेवारीतला दुसरा सोमवार. रक्कम चार लाख ऐंशी हजार दिरहम, म्हणजे त्या दिवशीच्या भावाने एक कोटी दहा लाख रुपये आणि वर थोडे. हजर चौघे: आमचे एमडी, अबुधाबीच्या एका रुग्णालयाचे खरेदी अधिकारी, मी आणि शबाना बुरोंडकर. कागदावर तीन सह्या झाल्या होत्या. चौथी बुरोंडकरबाईंची व्हायची होती. ती झाली नाही.

असं का झालं हे सांगायचं तर आधी बाई सांगायला हव्यात.

आमची कंपनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. खाली कारखाना, वर ऑफिस. मी तिथे हिशेब आणि करारमदार बघतो. आम्ही जे डबे बनवतो ते दिसायला घरातल्या इंटरनेटच्या डब्यासारखेच, फक्त जाड. रुग्णालयात प्रत्येक खाटेशेजारी जो मॉनिटर असतो, नाडी, प्राणवायू वगैरे दाखवणारा, त्याचे आकडे नर्सच्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत नेणं हे त्या डब्याचं काम. डब्यातलं नेटवर्क कार्ड बाजारातलं, आतली सिस्टिम युनिक्सच्या घराण्यातली, फुकट मिळणारी. त्या दोघांची एकमेकांशी बोलणी करून देणारा प्रोग्राम मात्र आमचा. त्याला ड्रायव्हर म्हणतात आणि तो बाई लिहीत.

बाई मूळच्या दापोलीकडच्या. मुंबईत शिकल्या, लग्नानंतर दुबईला आल्या. नवरा लतीफभाई. त्यांचं टाइल्सचं दुकान होतं, ते बंद पडलं, तेव्हापासून ते बाईंच्या व्हिसावर. मुलगी झोयाही बाईंच्याच व्हिसावर, ती बारावीत. म्हणजे अल बर्शातलं दोन बेडरूमचं घर, शाळा, गाडी, तिघांचा या देशात राहण्याचा हक्क, सगळं एका नोकरीवर उभं. आमच्याकडे बहुतेकांचं असंच असतं, पण आम्ही त्याचा विचार करत नाही. बाई रोज करत.

त्यांच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात तिघांच्या पासपोर्टच्या प्रती असत. एकदा मी विचारलं, "बाई, ऑफिसला येताना पासपोर्टच्या प्रती कशाला?"

"अहो, घरून निघताना वाटलं, आज लागल्या तर?"

"कशाला लागतील?"

"तेच तर माहीत नाही ना, करंदीकर."

बाईंची ख्याती मात्र दुसऱ्याच एका सवयीबद्दल होती. काहीही सांगितलं की त्या समोरच्याला उलट काहीतरी विचारत आणि उत्तर आल्याशिवाय हलत नसत. पॅन्ट्रीतल्या मुरुगनला "बिनासाखरेचा चहा" सांगितला की विचारायच्या, "मुरुगन, कप कौनसा है?" तो म्हणायचा, "मॅडम, नीलावाला." मग त्या जात. कप निळा असो की पांढरा, त्यांना काही फरक पडत नसे. फोनवर लतीफभाईंना दूध आणायला सांगत आणि लगेच विचारत, "आता कुठे आहात?" लतीफभाई एकदा आमच्या घरी जेवायला आले असताना म्हणाले, "करंदीकर, लोकांच्या बायका संशयानं विचारतात, कुठे आहेस म्हणून. माझी बायको विचारते आणि उत्तर ऐकतच नाही."

"ऐकायचंच नसतं," बाई म्हणाल्या. "उत्तर आलं, एवढं पुरतं."

सगळे हसले. मीही हसलो. याचा अर्थ मला पुढे त्यांच्या कामाचे तास मोजताना कळला.

झालं असं, की एका महिन्यात बाईंच्या नावावर खूप तास लागले आणि प्रोग्राममध्ये वाढलेल्या ओळी मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. एमडींनी मला कारण विचारायला सांगितलं. एमडी जॉर्डनचे, मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. मी बाईंच्या टेबलाशी गेलो आणि सरळ विचारलं, "एवढ्या ओळींना एवढे तास कसे?"

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून दिली.

"तुमच्या बिल्डिंगचा पत्ता सांगा."

मी सांगितला. मॉलच्या मागे, फार्मसीच्या वर, तिसरा मजला.

"हा झाला जेवण आणणाऱ्या पोराला सांगायचा पत्ता. भाडेकरारावर काय आहे?"

"प्लॉट नंबर."

"आणि दाराजवळच्या पाटीवर, अ‍ॅम्ब्युलन्सला सांगायचे आकडे असतात ते?"

"ते वेगळे."

"जागा एक, पत्ते तीन. प्रत्येकाला त्याचाच पत्ता कळतो. मशीनच्या मेमरीचंही तसंच. माझ्या प्रोग्रामला जागेचा एक पत्ता दिसतो, कार्डाला दुसरा. बाहेरून आलेलं आकड्यांचं पाकीट कार्ड स्वतः उचलून मेमरीत ठेवतं, मला विचारत नाही. म्हणून मला आधीच त्याला सांगावं लागतं, इथे ठेव. चुकून माझा पत्ता त्याला दिला, तर ते नाही म्हणत नाही. त्या आकड्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी घर असतं, तिथे नेऊन ठेवतं."

"आणि कळतं कधी?"

"त्या घरातला ओरडला की. नाहीतर कधीच नाही."

मग त्यांनी उलटी बाजू सांगितली. कार्डावर बारीक बारीक खटके असतात: चालू हो, थांब, साफ कर. ते खटकेही सिस्टिम मेमरीच्या पत्त्यांवर आणून बसवते. त्याला मॅपिंग म्हणतात. "म्हणजे मी आपली वहीत लिहिल्यासारखी एका पत्त्यावर एक आकडा लिहिते आणि लांब कुठेतरी खटका पडतो. गंमत आहे. पण धोका असा, की वहीत लिहिलं ते लगेच लिहिलं जातं. हे तसं नाही. हे पत्र आहे. मी टाकलं म्हणजे पोचलं असं नाही. वाटेत कुठेतरी रांगेत असतं."

"मग?"

"मग मी कार्डाला काहीतरी विचारते. काहीही. तुझा नंबर काय? उत्तर माझ्या कामाचं नसतंच. पण रस्ता एकच आहे. माझा प्रश्न आधीच्या पत्राच्या मागूनच जातो, पुढे जाऊ शकत नाही. उत्तर आलं, याचा अर्थ पत्र पोचलं. उत्तर मी वाचते आणि टाकून देते."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. "म्हणजे मुरुगनचा कप..."

"सवय लागली हो. घरी लतीफ चिडतात."

मी एमडींना लिहून दिलं की तास योग्य आहेत. कारणाच्या जागी काय लिहावं हे न सुचल्यामुळे 'पत्त्यांची पडताळणी' असं लिहिलं. एमडींनी ते न वाचता मंजूर केलं.

एमडींचं आणि बाईंचं छान जमे आणि सारखं खटके. एमडी कुठल्याही मुदतीबद्दल "इन्शाल्ला" म्हणत. बाई पाच वेळा नमाज पढणाऱ्या, पण मीटिंगमध्ये म्हणत, "साहेब, अल्लाहला मध्ये घालू नका, तारीख सांगा." एमडी मोठ्याने हसत आणि तारीख देत. ती तारीखही चुकत असे, ते वेगळं. स्वतः बाई मात्र कामाबद्दल "खलास" हा शब्द कधी वापरत नसत. झालं का, असं विचारलं तर म्हणत, "अजून काही दिसलेलं नाही."

मी शाकाहारी. ईदच्या दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेलं सांदण आणत. डब्याच्या झाकणावर माझं नाव. तरी समोर उभ्या राहून विचारत, "तुमचं झाकण कुठल्या रंगाचं?" मी म्हणे, "बाई, नाव लिहिलंय." त्या म्हणत, "ते मी लिहिलंय. तुम्ही वाचलंत का, ते विचारतेय."

आता रुग्णालयाच्या कामाकडे येतो.

अबुधाबीच्या त्या रुग्णालयाने एका वॉर्डात आमचे डबे चाचणीसाठी लावले होते. चाचणी पार पडली की उरलेल्या सगळ्या वॉर्डांची ऑर्डर आणि वर सांगितलेला हप्ता. चाचणीच्या आधी त्यांच्या सल्लागाराने आमचा प्रोग्राम दुसऱ्या एका तपासणाऱ्या प्रोग्राममधून काढला. त्याने पुष्कळ इशारे दिले. बहुतेक सगळे एकाच प्रकारचे: अमुक ओळीत उत्तर वाचलं आहे, पण ते कुठेच वापरलेलं नाही. सल्लागाराने लिहिलं, एकही इशारा नको. एमडी बाईंना म्हणाले, "शबाना, क्लीन करून टाक. यल्ला, चल लवकर."

बाई भांडल्या. एकेका ओळीसाठी त्यांनी कारण लिहिलं. काही ओळी खरंच जुन्या, निरुपयोगी होत्या. त्या त्यांनी काढल्या. बाकीच्यांना परवानगी मिळवली. त्या आठवड्यात झोयाची शाळेतली सराव परीक्षा होती आणि बाई घर, ऑफिस, घर अशा पळत होत्या. शेवटी तपासणी स्वच्छ आली. चाचणी सुरू झाली.

चाचणी संपत आली तेव्हा वॉर्डातून एक तक्रार आली. सिस्टर ग्रेसी नावाच्या मल्याळी नर्सने सांगितलं होतं की सात नंबर खाटेची नाडी तिला क्षणभर नऊ नंबरच्या जागी दिसली. लगेच बरोबर झालं. तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. सल्लागाराने शेरा मारला: निरीक्षणात चूक.

मी चाचणीच्या कागदावर वॉर्डाची सही घ्यायला अबुधाबीला निघालो होतो. बाई म्हणाल्या, मीही येते. त्यांच्याच गाडीतून गेलो. शेख झायेद रोडवर सगळे भरधाव चाललेले आणि बाई उजवीकडच्या सगळ्यात हळू लेनमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

सिस्टर ग्रेसी पन्नाशीच्या, ठेंगण्या. आधीच वैतागलेल्या. "मैं इतना साल से पल्स देख रही हूँ," त्या म्हणाल्या. "सात का एक सौ बीस था. नौ का सत्तर. नौ पे एक सौ बीस आया. मैं दौड़ के गई, वो अंकल तो आराम से सो रहा था."

बाईंनी त्यांना खरं की खोटं असं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "सिस्टर, उसके पहले क्या हुआ था? सात नंबर पे?"

सिस्टरनी आठवून पाहिलं. "कुछ नहीं. सफाईवाले का मशीन तार में फँसा. तार निकल गया. मैंने वापस लगा दिया."

"वापस लगाया, और फिर दिखा?"

"लगाया और दिखा. एकदम."

बाई "थँक यू सिस्टर" म्हणाल्या आणि माझ्याआधी बाहेर पडल्या. मी कागदावर सही घेऊन पार्किंगमध्ये गेलो तर त्या गाडीत बसलेल्या, इंजिन बंद, काचा बंद. जानेवारी होता म्हणून ठीक. मी आत बसलो. त्यांनी गाडी सुरू केली नाही.

"करंदीकर, तिने खरं पाहिलं."

"कशावरून?"

"तार परत लावली की माझा प्रोग्राम कार्डाला त्या खाटेपुरतं थांब म्हणतो, जुनी जागा सोडतो, नवी घेतो, मग चालू हो म्हणतो. थांब म्हटल्यावर लगेच जागा सोडायची नसते. आधी विचारायचं असतं. पत्र पोचलं का ते. ती विचारण्याची ओळ..." त्या थांबल्या. "ती ओळ मी काढली. त्या इशाऱ्यांमध्ये. बाकीच्या सगळ्यांसाठी भांडले आणि ही एक निरुपयोगी समजून काढली. मला आता ती ओळ दिसतेय, करंदीकर."

मी समजून घेतलं ते असं: कार्डाला थांब म्हटलं होतं, पण ते अजून वाटेत होतं. तेवढ्यात प्रोग्रामने सातची जागा सोडली आणि ती नऊला मिळाली. कार्डाला काहीच माहीत नाही. त्याने सातचं शेवटचं पाकीट जुन्या पत्त्यावर नेऊन ठेवलं. तिथे आता नऊ राहत होता.

आम्ही दुबईच्या वाटेला लागलो. मी संसारी माणूस आहे. माझ्या डोक्यात जे आलं ते मी बोललो. "बाई, सोमवारी सही आहे. ती नाही झाली तर ही ऑर्डर जाईल. ऑर्डर गेली तर तुमचा विभाग ठेवायला एमडींकडे दुसरं कारण नाही. झोयाची परीक्षा पुढच्या महिन्यात सुरू होते."

"माहीत आहे."

"ओळ परत घाला. गुपचूप. परीक्षा होऊ द्या, मग काय सांगायचं ते सांगा. एकच तर वॉर्ड आहे."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "वॉर्डातल्या डब्यांना गुपचूप हात लावता येत नाही. तोवर नऊ नंबरवर कोण झोपलंय?"



दुसऱ्या दिवशी शनिवार, ऑफिस बंद. बाईंनी मला बोलावलं, कारण तार ओढायला दुसरा हात हवा होता. टेबलावर दोन डबे, दोन खोटे रुग्ण. एकाची नाडी एकशे वीस, एकाची सत्तर. मी तार काढायची आणि लावायची, बाई पडद्याकडे बघणार.

"ओढा."

"ओढली."

"लावा."

"लावली. दिसलं?"

"नाही. ओढा."

सकाळ त्यातच गेली. माझं बोट दुखायला लागलं. बाई आकड्यांची गर्दी वाढवत होत्या, म्हणजे पाकिटं जास्त वेगाने येतील. मला कळत होतं की आम्ही दोघं एकच प्रार्थना करतोय. चूक शोधायला बसलेल्या माणसांना ती सापडू नये असं वाटत होतं. दुपारी लतीफभाई डबा घेऊन आले आणि दाराशीच उभे राहिले.

"लावा," बाई म्हणाल्या.

मी लावली. सत्तरच्या जागी एकशे वीस आले आणि गेले.

लतीफभाईंना यातलं काही कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्यांना कळत होता. डबा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "शबाना, आधी जेव."

बाईंनी ओळ परत घातली. तीच ओळ, कार्डाला काहीतरी विचारायचं आणि उत्तर टाकून द्यायचं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत आम्ही तार ओढत राहिलो, लतीफभाईही ओढत होते. एकशे वीस पुन्हा हलले नाहीत. मी म्हटलं, "झालं." बाई म्हणाल्या, "अजून काही दिसलेलं नाही."

सोमवारी एमडींनी पेन पुढे केलं तेव्हा बाईंनी कागद खरेदी अधिकाऱ्यांकडे सरकवला आणि इंग्रजीत, अगदी हळू, सगळं सांगितलं. चूक कुठे, कशी, कुणाची. सिस्टर ग्रेसींचं नाव घेऊन त्या म्हणाल्या की त्यांचं निरीक्षण अचूक होतं आणि तो शेरा खोडला जावा. वॉर्डात तोवर तार लावताना काय काळजी घ्यायची तेही छापून आणलं होतं.

एमडी थक्क झाले. मग म्हणाले, "पण तू दुरुस्त केलंस ना? एक ओळ? मग हबीबती, ओळ घाल, सही कर, खलास."

"साहेब, हा कागद म्हणतो की चाचणी पार पडली. जो प्रोग्राम पार पडला तो चुकीचा होता. बरोबर असलेल्याची चाचणी झालेलीच नाही. चाचणी परत घ्या, मी सही करते."

"परत घ्यायला वेळ कुठे आहे? करार वाच."

करार मीच लिहिला होता. वेळ नव्हता. खरेदी अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं, बाईंचे आभार मानले, आणि जाताना दारात थांबून "रियली, थँक यू" असं पुन्हा म्हटलं. आठवड्यात त्यांचं पत्र आलं. ऑर्डर रद्द. हप्ता नाही.

एमडी वाईट माणूस नाहीत. त्यांनी बाईंवर आवाज चढवला नाही, एरवी चढवत तेवढाही नाही, आणि त्यावरूनच मी काय ते समजलो. पुढच्या कामांसाठी तयार ड्रायव्हरसकट येणारी कार्डं घ्यायचं ठरलं. बाईंना नोटीस द्यायचं पत्र मला टाइप करावं लागलं. ते दिलं तेव्हा त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "व्हिसा कधी रद्द होईल?"

तारखांचा पट मांडला. नोटिशीची मुदत झोयाच्या शेवटच्या पेपरच्या आधी संपत होती. त्यापुढे रद्द झालेल्या व्हिसावरही काही काळ देशात राहायची सवलत असते, आणि मी हिशेब केला तर ती सवलत पेपर संपून सामान बांधेपर्यंत पुरत होती. मी बाईंना कागद दाखवला. लतीफभाईंनीही पाहिला. ते म्हणाले, "बघ, पुरतंय. करंदीकर चुकत नाहीत."

"आज पुरतंय," बाई म्हणाल्या. "मध्येच नियम बदलला तर? परीक्षेच्या सकाळी कुणी म्हणालं, चालणार नाही, तर? झोया आत बसलेली असेल आणि मी बाहेर कुणाला विचारू?"

"अगं, असं होत नाही."

"कार्डही कधी असं करत नव्हतं, लतीफ."

बाईंनी इतक्या वर्षांत रजा जवळजवळ घेतलीच नव्हती. कशी घेणार, मागे काही बिघडलं तर? ती सगळी साठलेली होती. जाताना तिचे पैसे मिळतात, आणि रक्कम लहान नव्हती: बेचाळीस हजार दिरहम, म्हणजे नऊ लाख सहासष्ट हजार रुपये. बाई म्हणाल्या, पैसे नकोत, ती रजा नोटिशीच्या पुढे जोडा. तेवढे दिवस नोकरी चालू, व्हिसा चालू.

मी समजावलं. माझ्या कामाचा तो भागच आहे. म्हटलं, "बाई, ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत ती तुम्ही साडेनऊ लाखांना विकत घेताय. झोयाची कॉलेजची फी यात निघेल."

त्यांनी माझा कागद पुन्हा वरून खाली वाचला. त्यांना आकडे कळत नव्हते असं नाही, माझ्यापेक्षा जास्त कळत होते. "मला झोप लागायला हवी, करंदीकर," त्या म्हणाल्या. "तिला अभ्यासाला पहाटे उठवायला मीच उठते."

एमडी म्हणाले, "इन्शाल्ला, करू." बाईंनी तारीख मागितली. एमडींनी दिली, आणि ही पाळली.

त्या दोन महिन्यांत मी त्यांना क्वचित पाहिलं. माझी बायको कधी त्यांच्याकडे जाऊन आली की सांगायची, शबानाताई वाळल्यात. फ्रिजवर झोयाचं वेळापत्रक लावलंय, त्याच्याशेजारी व्हिसाची प्रत. लतीफभाई पुढे रत्नागिरीला जाऊन भाड्याचं घर बघून आले होते.

शेवटची भेट झोयाच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. त्या दुबई सोडण्यापूर्वी मला हिशेबाच्या कागदावर त्यांची सही हवी होती आणि बाईंनी मला शाळेपाशीच बोलावलं, कारण पेपर सुटेपर्यंत त्या तिथून हलणार नव्हत्या. एप्रिल सुरू झाला होता. गाड्यांच्या रांगेत त्यांची गाडी, मागची सीट सामानाच्या खोक्यांनी अर्धी भरलेली. लतीफभाई भिंतीच्या सावलीत उभे. बाई स्टिअरिंगच्या मागे, मांडीवर पासपोर्टांचं पाकीट. मी शेजारी बसलो आणि कागद दिला. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट फिरवत वाचला, बेरीज मनात केली, आणि सही केली.

फाटक उघडलं. मुली लोंढ्याने बाहेर आल्या. झोया मैत्रिणींना मिठ्या मारत, रेंगाळत आली आणि खिडकीशी वाकली.

"कसा गेला?"

"इट वॉज ओके, मम्मा."

"ओके म्हणजे? सगळं लिहिलंस?"

"येस. आय फिनिश्ड अर्ली. आय वॉज जस्ट सिटिंग देअर."

बाईंनी मांडीवरचं पाकीट उचललं, पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. लतीफभाई मला हळूच म्हणाले, "राहू दे. जाईल तो बाजूने."

नियम कुठलाही बदलला नाही. सवलत पुरली असती.

अखेर दिलं ते असं: सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी एक लाख अठरा हजार दिरहम, म्हणजे सत्तावीस लाख चौदा हजार रुपये, श्रीमती शबाना लतीफ बुरोंडकर यांना, बँकेमार्फत. परतीची तीन तिकिटं, कंपनीकडून. रजेपोटी, शून्य.